मधोमध थांबलेला काटा

"मग तू काय सांगितलंस तिला?"

दस्तगीर चाचांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, आणि महिपतीनं तिसऱ्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

टॉवेलात गुंडाळून आणलेला जीपचा मीटर त्यानं बाकड्यावर आदळल्यासारखा ठेवला. मी तिच्याविषयी बोलायला आलेलो नाही, म्हणाला. इंजिन बदललंय, गाडी पळतेय, फक्त डॅशबोर्डवरचे काटे नव्या इंजिनाशी जुळत नाहीत. ते कसे जुळवायचे तेवढं सांगा, की मी चाललो.

"तेवढंच..." चाचा म्हणाले.

"तेवढंच."

चाचांनी टॉवेल उलगडला नाही. त्यावर हात ठेवून बसून राहिले.

एप्रिलातली दुपार होती. शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता. समोरच्या म्हाताऱ्याला काहीच घाई नव्हती, आणि त्यानंच महिपतीच्या अंगाची जास्त लाही होत होती.

आठ वर्षांपूर्वी तो ह्याच शेडमधून तणतणत बाहेर पडला होता. दस्तगीर मुजावर म्हणजे गडहिंग्लज भागातले गाड्यांच्या वायरिंगचे जुने मेस्त्री. त्यांच्या हाताखाली महिपती सुतारानं तीन वर्षं काढली. मग एक दिवस, वायरी सोलत बसणं आणि घेवडा निवडत बसणं सारखंच, असं चार लोकांत बोलून तो निघून गेला. पुढं इंजिनात त्याचा हात असा काही बसला की हायवेला स्वतःचं गॅरेज झालं. इंजिन बदलावं तर महिपतीनं, असं लोक म्हणायचे. लोकांच्या आधी तो स्वतः म्हणायचा.

रागीट तर होताच. गाडी आणणारा माणूस दोन प्रश्न जास्त विचारायला लागला, की त्याच्या कानशिलाची शीर उडायची.

हौसाक्का चौगुलेनं दोनाहून जास्त विचारले.

हौसाक्का डोंगरातल्या हुंबरवाडीची. नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनं त्याची वडापची जीप स्वतः चालवायला घेतली. वरच्या तीन वाड्यांतली माणसं सकाळी घाटानं खाली आणायची, बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला, आणि दुपारी परत वर न्यायची. वर दुसरी गाडी नव्हती. जुनं इंजिन धूर ओकायला लागलं, तशी ती महिपतीकडं आली. त्यानं दुसऱ्या गाडीचं चांगलं इंजिन बघून बसवलं, आणि जीप घोड्यासारखी पळायला लागली.

फक्त काटे मेले. इंजिनाच्या पाण्याची गरमी दाखवणारा काटा तर तळाशी लोळत पडलेला, तो हलायचंच नाव घेईना.

ती परत आली. त्यानं दोन वायरी इकडच्या तिकडं केल्या. आठवड्यानं ती पुन्हा आली. तेव्हा तो तिच्यावर ओरडला. गाडी कानानं चालवायची असते, काट्यानं नव्हे. तुमच्या नवऱ्यानं कधी बघितला होता काटा? हौसाक्का जागची हलली नाही. त्यांना इंजिनातलं कळत होतं, म्हणाली. मला अजून तेवढं कळत नाही, आणि माझ्या मागं चौदा माणसं बसलेली असतात. मला काटा पाहिजे.

तिसऱ्यांदा आली तेव्हा गॅरेजात चार गिऱ्हाइकं उभी होती.

"एवढ्याशा काट्याचं जमंना व्हय तुला, महिपती?" ती म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण गिऱ्हाइकांतला एकजण हसला, आणि महिपतीच्या डोक्यात तिडीक गेली.

त्यानं मीटर खोलला. गरमीच्या काट्याची इंजिनाकडं जाणारी वायर आतल्या आत तोडली, आणि तिथं विजेला ठरावीक अडवणारा हरभऱ्याएवढा एक रेझिस्टर डकवून दिला. आता किल्ली फिरवली की काटा उठायचा आणि बरोबर मधोमध येऊन उभा राहायचा. इंजिन गार असो नाहीतर उकळत असो, काटा मधोमध.

हौसाक्काचं तोंड केवढं फुललं. दुसऱ्या दिवशी येऊन ती त्याच्या गॅरेजात नारळ ठेवून गेली.

पंचवीस दिवसांनी, घाटाच्या तिसऱ्या वळणाखाली, इंजिनाच्या पाण्याचा पाइप फुटला. पाणी रस्त्यावर सांडत गेलं. कोरडं इंजिन तापत तापत भर चढाला जाम होऊन बंद पडलं, आणि भरलेली जीप ब्रेकला न जुमानता मागं घसरायला लागली. हौसाक्कानं सगळा जीव एकवटून स्टिअरिंग वळवलं आणि गाडीची पाठ डोंगरात घातली. दुसऱ्या बाजूला दरी होती. माणसं वाचली. बारावीला बसलेल्या एका मुलीचा पाय मांडीत मोडला, आणि तिचे उरलेले पेपर राहिले.

वाडीत लोक बोलायला लागले. गाडी एवढी तापली तरी हिला कळलं कसं नाही, हिचं लक्ष होतं कुठं? मुलीचा बाप तर हौसाक्काच्या दारावरून जाताना थुंकायचा. पुन्हा जीप चालवायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

गाडी ओढून महिपतीच्या दारात आणली, तेव्हा ती बरोबर आली होती. किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली. भांडली नाही. म्हणाली, "मी काट्याकडं बघतच होते रं. मधोमध होता. मग मला दिसलं कसं न्हाई?"

हे सगळं चाचांच्या कानावर आधीच आलेलं होतं. रेझिस्टरचं तेवढं आलं नव्हतं. आणि तिला महिपतीनं काय उत्तर दिलं, तेही आलं नव्हतं.

इंजिन त्यानं आठ दिवसांत पुन्हा उभं केलं. मीटरच्या आत मात्र हात घातला नाही. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि उघडून बघायची छाती होत नव्हती. चाचा समोरून मॉडेल बघतील, कुठली वायर कुठं ते तोंडानं सांगतील, आपण उठून जाऊ, असं धरून तो आला होता.

चाचांनी टॉवेल उलगडला.

त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, दुसरा अजून धूसर होता. ते बोटांनीच बघायचे. बोटं मीटरच्या काचेवरून फिरली, कडेनं गेली, पाठीमागच्या पिनांवरून सरकली. मागच्या बाजूला एके ठिकाणी क्षणभर थांबली. मग पुढं गेली.

"मेस्त्री, मला वेळ न्हाई," महिपती म्हणाला.

"बस."

तो बसला. बसावं लागलं याचाही त्याला राग आला.

चाचांनी बाकड्याखालची बॅटरी ओढली. मीटरला दोन वायरी दिल्या. पत्र्याच्या डब्यातून इंजिनाच्या पाण्यात बुडवायचा एक जुना पितळी सेन्सर काढला, त्याची वायर मीटरच्या पिनेला लावली, आणि तो सेन्सर पातेल्यातल्या गार पाण्यात सोडला.

"मला नीट दिसत न्हाई. काटा कुठं हाय बघ."

महिपतीनं बघितलं.

"मधी."

चाचांनी मान हलवली. पातेलं उचलून स्टोव्हवर ठेवलं. पंप मारला. स्टोव्ह घरघरायला लागला... पाण्याच्या तळाला बुडबुडे धरले.

"आता?"

"मधी."

महिपतीला उठून जावंसं वाटत होतं. ह्या म्हाताऱ्याला सगळं कळलंय, आणि तो मुद्दाम खेळवतोय, असं त्याला वाटलं. मग वाटलं, काही कळलेलं नाही, त्याला दिसतच नाही. दोन्ही वेळा राग तेवढाच आला. तोंड उघडून एक वाक्य बोललं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं, पण जबडा आवळलेला तो आवळलेलाच राहिला.

पाण्याला खळखळून उकळी फुटली. वाफ वर पत्र्याला जाऊन लागली.

"आणि आता?"

"...मधी."

"म्हंजे पाणी बेताचंच गरम हाय."

महिपतीनं नजर काट्यावरून पातेल्याकडं नेली.

चाचांनी उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत मागं सारली. "माझ्या हाताखाली शिकलेल्यानं लावलेला काटा हाय," ते शांतपणे म्हणाले. आणि हात पातेल्यात घातला.

बोटांची टोकं पाण्यात गेली असतील नसतील, तोच महिपतीनं झेप घेऊन पातेल्याला हाणलं. पातेलं उडालं. निम्मं पाणी भिंतीवर गेलं, निम्मं त्याच्याच पायावर आलं.

"डोस्कं फिरलंय काय तुमचं? उकळतंय ते!" तो ओरडला. आईवरून एक शिवीही देऊन बसला, ज्यांच्यासमोर आठ वर्षांपूर्वी तो विडीसुद्धा ओढत नव्हता त्यांना.

चाचांची तीन बोटं लालभडक झाली होती. ती त्यांनी अंगरख्याला पुसली.

"मधी हाय, म्हणालास..."

स्टोव्ह रिकामाच घरघरत होता. जमिनीवरून वाफा निघत होत्या. महिपतीचा पाय पेटल्यासारखा भगभगत होता, आणि तरी त्याला पाय झटकायचं सुचलं नाही.

चाचांनी स्टोव्ह बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं.

"मग तू काय सांगितलंस तिला?"

महिपतीनं लवंडलेलं पातेलं उचलून सरळ ठेवलं.

"तुमचं लक्ष नसंल, म्हणालो."

हे सांगितलं आणि तो वाट बघत उभा राहिला. एके काळी एक जोड ढिला ठेवला म्हणून ह्याच माणसानं त्याच्या अंगावर पक्कड फेकून मारली होती. आज तर कानफटात बसायलाच हवी होती. त्यानं गाल तयार ठेवला होता, असं म्हटलं तरी चालेल.

चाचा उठले. कोपऱ्यातल्या माठातून तांब्याभर पाणी घेऊन आले, त्याच्या पायावर ओतलं. आणखी एक आणून ओतलं. तिसऱ्यात स्वतःची बोटं बुडवून बसले.

"जुनं इंजिन कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

जुनं इंजिन गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली पडून होतं. कोंबड्या बसायच्या त्यावर. चाचा म्हणाले, त्यातला गरमीचा सेन्सर काढून आण.

तेवढ्यावर महिपतीला सगळं उमगलं, आणि उमगल्यावर त्याचा संताप दुप्पट झाला. काटा जुन्या गाडीचा, सेन्सर नव्या इंजिनाचा. एकाचं माप दुसऱ्याला कळत नव्हतं. जुन्या इंजिनातला सेन्सर उचलून नव्या इंजिनात बसवायचा, की काटा त्याचं ऐकणार. भोक मोठं पडेल, तर लेथवर एक पितळी बुश कातून घ्यायचा. शिवाय त्यानं इंजिन नव्या रबरांवर बसवलं होतं आणि इंजिन गाडीच्या सांगाड्याला जोडणारी अर्थची वायर लावलीच नव्हती, म्हणून ऑइलचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. दीड तासाचं काम. जिथं बसून त्यानं तो रेझिस्टर डकवला, तिथून जुनं इंजिन बारा पावलांवर होतं.

"हे मी तुला शिकवलंवतं का, आता आठवत न्हाई," चाचा म्हणाले.

"शिकवलंवतं," महिपती म्हणाला.

भाजलेला पाय ओढत तो गॅरेजला गेला. कोंबड्या हुसकल्या. गंजलेला सेन्सर सुटेना, तेव्हा पान्यावर सगळं अंग टाकलं, आणि पाना निसटून बोटाची सालपटं निघाली. तिथं बघायला कुणी नव्हतं. तो इंजिनाच्या थंड ब्लॉकवर मूठ आपटत राहिला. मग सेन्सर सुटला.

परत आला तेव्हा चाचांनी पातेलं पुन्हा भरून ठेवलं होतं. मीटरची पाठ उघडून रेझिस्टर काढायचं काम मात्र त्यांनी केलेलं नव्हतं. ते त्याच्यासाठी ठेवलं होतं.

त्यानं तो काढला. तोडलेली वायर जोडली. सेन्सर पाण्यात सोडला. स्टोव्ह पेटवला.

"काटा?"

"तळाशी."

थोड्या वेळानं, "आता?"

"उठला... चढतोय."

पाणी उकळलं तसा काटा तांबड्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला. चाचांनी पातेलं खाली उतरवलं, त्यात गार पाण्याचा तांब्या ओतला, आणि काटा उतरला. महिपतीनं ते तीनदा करून बघितलं. एरवी असं काही जमलं की तो शीळ घालायचा.

जाताना त्यानं विचारलं, तिला बोलावून घेऊन सांगू का. चाचा म्हणाले, गाडी घेऊन तू वर जा. आणि तिच्या घरात नको सांगू. लोक तिला जिथं बोलतात, तिथं सांग.

दोन दिवस त्यात गेले. बुश कातून आला, सेन्सर बसला, अर्थची वायर जोडली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी महिपतीनं जीप घाटाला लावली. डोंगरात गेलेल्या पाठीचा पत्रा तसाच चेपलेला होता. तिसऱ्या वळणाखाली रस्त्यावर अजून काचा होत्या. तिथं त्यानं गाडी थांबवली नाही.

हुंबरवाडीच्या देवळासमोर पाच-सहा माणसं पारावर बसली होती. त्यांत त्या मुलीचा बापही होता. महिपतीनं एकाला पाठवून हौसाक्काला बोलावून घेतलं. ती हात पुसत आली आणि जीप बघून लांबच उभी राहिली.

त्यानं सगळं सांगितलं. काय तोडलं, काय लावलं, का लावलं. कोण हसला होता तेही. आणि मग, तिनं विचारलं तेव्हा आपण तिच्यावरच कसं ढकललं. बोलताना त्याचा आवाज सारखा चढत होता, भांडायला आलेल्या माणसासारखा. दुसऱ्या कुठल्या आवाजात हे बोलायचं असतं, ते त्याला येत नव्हतं.

मुलीचा बाप उठला. महिपतीच्या गळ्याची पट्टी धरली, दोनदा गदागदा हलवला, आणि सोडून दिला. हौसाक्काकडं बघवेना तसा मान खाली घालून घरी निघून गेला.

हौसाक्का पुढं आली. जीपच्या खिडकीतून मीटरकडं बघत राहिली...

"आता खरं दाखवतो का?"

"दाखवतो, आक्का."

"ते मी बघीन."

तिनं हात पुढं केला. त्यानं किल्ली दिली. ती मुठीत धरून ती घराकडं चालायला लागली, आणि वळून बघितलं नाही.

महिपती घाट पायी उतरला. पायावरचा फोड वाटेत फुटला. दुपारी उन्हातून तो तसाच चाचांच्या शेडमध्ये येऊन उभा राहिला. घामानं निथळत होता, आणि त्या दिवशी आला होता त्याहून जास्त भडकलेला होता.

चाचा वायर सोलत बसले होते. तीन बोटांना फडकं बांधलेलं.

झालेलं सगळं त्यानं सांगितलं. मुलीच्या बापानं पट्टी धरली, ते ठीक होतं. पण ती? एवढं सगळं झालं, वाडीनं तिच्या तोंडात शेण घातलं, इतके दिवस ती स्वतःलाच खात बसली, आणि तिनं त्याला एक शिवी दिली नाही. एक शब्द नाही. कसलीच दाद नाही.

"चिडायला पायजे होतं तिनं," महिपती म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "माझ्यावर वराडायला पायजे होतं."

चाचांनी सोललेल्या वायरीचं टोक दातांत धरून ओढलं. थुंकले.

"कुणाच्या सोयीसाठी?"